पाणी कोणी पाजलं

महाजन सरांना जाऊन छत्तीस दिवस झाले होते, तरी त्यांच्या विद्यार्थ्यांचं येणं थांबलं नव्हतं. दहाव्याला शहरातले येऊन गेले. तेराव्याला रावेर, भुसावळ, खंडव्याकडचे. मग शाळांना सुट्ट्या लागल्या तसे इंदूरचे आणि पुण्याचे येऊ लागले, बायकामुलांसकट, गाडीतून उतरताना बऱ्हाणपूरच्या उन्हाला शिव्या देत.

सरांच्या पत्नी सुलभाबाई खिडकीच्या जाळीतून पाहायच्या आणि आत आवाज द्यायच्या, "अश्विनी, चहा टाक गं. ब्याण्णवची बॅच दिसते. एकाच्या डोक्यावर केस असेल तर शपथ."

अश्विनी चहा टाकायची. जानेवारीत ती खंडव्याच्या कॉलेजच्या लायब्ररीतून रजा काढून इथं आली होती. आधी तीन महिने वडिलांच्या पलंगापाशी गेले आणि आता हे. कपबशा धुता धुता तिला कधीकधी वाटे, माणूस गेल्यावर घर मोकळं होतं असं म्हणतात ते कुठल्या घराबद्दल? इथं तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. रडायलाही नव्हती. दुपारी तासभर पडावं म्हटलं की फाटकाची कडी वाजे.

येणारा आधी फोटोला हात जोडायचा. मग आजाराची चौकशी. मग खुर्चीत जरा सैल होऊन बसायचा आणि आठवण सांगायला लागायचा. ती आठवण सुरू व्हायच्या आधीच अश्विनीला पाठ असे.

महाजन सर कॉलेजात भूगोल शिकवत. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ते वर्षातून दोनदा विहिरी मोजायला पाठवत. एकदा ऑक्टोबरच्या शेवटी, पावसाचं पाणी मुरल्यावर, आणि एकदा मेमध्ये, परीक्षा संपल्यावर, विहिरी तळाला गेलेल्या असताना. तालुक्यातल्या चोवीस विहिरी त्यांनी ठरवून टाकल्या होत्या. दोघादोघांची जोडी, एक स्टीलची टेप, एक खडू. टेपच्या शेवटच्या मीटरभराला खडू फासायचा, कठड्यावरच्या लाल खुणेपासून ती आत सोडायची, आणि वर ओढून बघायचं. खडू जिथवर ओला, तिथवर पाणी. आकडा वहीत लिहायचा, सरांना आणून द्यायचा, आणि सर तो रजिस्टरात चढवायचे. अशी एकतीस वर्षं.

"अन् परत आलो ना ताई," येणारा प्रत्येक जण इथं थांबायचा, गळा साफ करायचा, "की सर आकडा आधी विचारायचे नाहीत. आधी विचारायचे, पाणी कोणी पाजलं? म्हणजे, पोरं एवढ्या उन्हात गेली, कोणी पाणी विचारलं की नाही याची काळजी. असा मास्तर आता नाही होणार."

अश्विनी मान हलवायची. तिची स्वतःची आठवणही त्याच साच्यातली होती, कारण ती त्याच कॉलेजात, वडिलांच्याच वर्गात शिकली होती. मेच्या उन्हात तुकईथडची विहीर, मालकीण गोदाबाई, ओसरीवर पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग, आणि गोदाबाईनं पितळी गडूत दिलेलं ताक. ही गोष्ट तिनं इतक्या वेळा सांगितली होती की आता सांगताना तिला काही आठवावं लागत नसे.

नानांनी, म्हणजे महाजन सरांनी, पुस्तक लिहिलं नाही. पीएचडी केली नाही. सहकारी रीडर झाले, प्राचार्य झाले, हे आपले विहिरी मोजत राहिले. मागे उरली ती चार जाड रजिस्टरं आणि अकरा पानांचं एक टिपण. कॉलेजात ते हिंदीतून शिकवत, पण स्वतःसाठी लिहीत ते मराठीत. टिपण तुकईथडच्या त्याच विहिरीबद्दल होतं. दोन हजार एकच्या मेमध्ये, दुष्काळ पडलेला असताना, आजूबाजूच्या सगळ्या विहिरी एकोणीस-वीस मीटरवर गेल्या होत्या आणि या एकीला चौदा मीटरवर पाणी होतं. ते का, याचा शोध नानांनी पुढची पाच-सहा वर्षं घेतला होता. नाल्यानाल्यानं हिंडून, जुने नकाशे काढून, जमिनीखाली एखादं बुजलेलं पात्र असावं असा निष्कर्ष मांडला होता.

फेब्रुवारीत भोपाळच्या एका जलसंशोधन संस्थेतून हिमानी नावाच्या मुलीचा फोन आला. एकतीस वर्षांची अशी मापं जिल्ह्यात सरकारकडेही नाहीत, संस्थेला ती हवी आहेत, आणि तुकईथडचं टिपण सरांच्या नावानं, निरंजन महाजन म्हणून, छापायचंही आहे. फोन स्पीकरवर होता. त्या दिवशी नानांनी एक अख्खी पोळी खाल्ली. मग अश्विनीला म्हणाले, "देऊन टाक. पण नीट पाहून दे."

पाहायचं काय, ते तिनं विचारलं नाही. पुढे विचारण्यासारखी अवस्था राहिली नाही. आता येत्या गुरुवारी हिमानी येणार होती, आणि सगळी मापं प्रत्यक्ष विहिरीवर जाऊन घेतलेली आहेत अशा कागदावर अश्विनीला सही करायची होती.

त्या आधीच्या रविवारी सकाळी तिघं आले. तुषार खरगोनकडे नायब तहसीलदार होता आणि सरांची स्मरणिका काढायचं त्यानं अंगावर घेतलं होतं. समाधानची फोपनारला केळी होती. दोघं दोन हजार आठच्या बॅचचे, विहिरीवरच्या जोडीतले जोडीदार. तिसरी वैजयंती, अश्विनीच्या वर्गातली, शहरातल्याच एका शाळेत भूगोल शिकवणारी. ती या महिन्यात दर दोन दिवसांनी येत होती, येताना कधी भाजी, कधी दूध घेऊन.

"ताई, स्मरणिकेचं नाव पक्कं," तुषार बसता बसता म्हणाला. "पाणी कोणी पाजलं? बत्तीस लेख आले, त्यातल्या एकोणतीस जणांनी हेच लिहिलंय. वाचताना माझ्या डोळ्याला पाणी आलं, सच्ची."

"तुझ्या लेखात खरं लिहिलं का रे पण?" समाधान म्हणाला. "का नुसता मस्का?"

"काय खरं?"

"भिकन पाटलाची विहीर."

तुषार आधी फोटोकडे बघून जीभ चावल्यासारखं करून हसला, मग मोकळेपणानं हसला. "जाऊ दे ना यार. घरात काय काढू राहिला तू."

"काढ की," सुलभाबाई म्हणाल्या. "महिना झाला, एकानं हसवलं नाही मला. नुसते देवच देव ऐकू राहिले."

मग तुषारनं सांगितलं. दोघं निघाले तर होते. खकनारपर्यंत बस, पुढे तीन किलोमीटर पायी. पण बसमधून उतरले तर समोर रसवंती.

"हा म्हणे, एक ग्लास पिऊन जाऊ. एकाचे चार झाले. मग हा तिथल्या खाटेवर आडवा."

"मी? खाटेवर तू होता, साहेब. मी खाली पोत्यावर."

"उठलो तर चार वाजले. मागच्या वर्षीचा आकडा होता आमच्यापाशी. त्याच्यात पस्तीस सेंटिमीटर मिळवले. पस्तीसच का, तर चाळीस म्हणजे गोल आकडा, सरांना शंका येईल."

सुलभाबाईंना ठसका लागला. अश्विनी ट्रे हातात धरून दारात उभी होती.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय, दिला लिहून."

"रजिस्टरात गेला?"

"गेलाच असेल, ताई." तुषार अजून हसत होता. "सगळेच करायचे थोडंफार. हाच एक आकडा नाही."

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. आत जाऊन तिसरं रजिस्टर आणलं आणि त्याच्यापुढे उघडलं.

"दाखव कुठला."

"ताई, आम्ही श्रद्धांजली द्यायला आलो, अन् तुम्ही तर पेपर तपासायला बसल्या."

"गुरुवारी हे भोपाळला जायचंय, तुषार. सगळी मापं खरी आहेत म्हणून मला सही करायचीय. नानांचं दुसरं काही नाहीये. हेच आहे." आवाज तिनं चढवला नव्हता. चढवायची ताकदच नव्हती. "तू सांगतोस सगळेच करायचे. मग मी काय देऊ त्यांना? रसवंतीचा हिशोब?"

तुषारनं चष्मा लावला आणि बोट फिरवत त्या पानावर आला. मे २००८. भिकन पाटील. १६.७५. नानांच्या निळ्या शाईत, टपोऱ्या आकड्यांत.

"हा," तो हळू म्हणाला.

समाधान त्याच्या खांद्यावरून वाकला होता. "अन् हे काय बारीक?"

आकड्याच्या उजवीकडे, समासात, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. इतकं लहान की अश्विनीनं गेल्या महिन्यात पानं चाळताना ते कागदावरचे डाग समजून सोडून दिलं होतं. 'पुन्हा. २९ मे. १८.१०.'

मग सुलभाबाईंनी हात पुढे केला. "बघू." त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं, नाकाजवळ नेलं. "एकोणतीस मे म्हणजे सुट्टीतच की. दर सुट्टीत हा माणूस सकाळी स्कूटर काढायचा तो ऊन उतरल्यावर यायचा. मला सांगायचा, वाचनालयात बसतो. मी म्हणायची, वाचनालयात बसून माणूस इतका काळा कसा पडतो?"

"पण त्यांना कळलं कसं?" तुषार म्हणाला. "पस्तीस सेंटिमीटर! कोणाच्या बापाला कळलं नसतं."

समाधान विचार करत होता. शेतकरी माणूस, घाई नव्हती त्याला. "तू काय सांगितलं होतं रे त्यांना? पाणी कोणी पाजलं म्हणून विचारलं तवा?"

"पाटलाच्या सुनेनं, म्हटलं."

"भिकन पाटलाच्या?" सुलभाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, त्यानं जन्मात लग्न नाही केलं. सून कुठून आणली तू?"

समाधान इतका हसला की त्याला उठून उभं राहावं लागलं. तुषारही हसायला गेला, पण अर्ध्यात थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून अश्विनीला दिसलं की त्याला बाकीचंही कळलं आहे.

"म्हणजे ते काळजीनं नव्हते विचारत," तो म्हणाला.

"काळजीनंही विचारत असतील," वैजयंती म्हणाली. "दोन्ही असेल."

"मी सतरा वर्षं सांगत फिरलो लोकांना. भाषणात सांगितलं. माझ्या पोराला सांगितलं." तुषारनं खिशातून रुमाल काढला. "एक शब्द बोलले नाहीत. दहापैकी आठ मार्क दिले मला."

"अन् पुढच्या आठवड्यात स्वतः गेले खकनारला," समाधान म्हणाला. "स्कूटरवर. त्या उन्हात."

"मग आता स्मरणिकेचं नाव बदलायचं का?"

"तेच ठेव," सुलभाबाई म्हणाल्या. "आता जास्त शोभतं."

जाण्याआधी तुषारनं विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तो तहसील कचेरीच्या भाषेत होता, बहुतेक त्याला दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिणं जड गेलं असावं. ज्यांनी ज्या विहिरीचं माप न घेता आकडा दिला असेल त्यांनी वर्ष व विहीर संध्याकाळपर्यंत कळवावी, सरांच्या कामासाठी आवश्यक आहे, कोणालाही दोष दिला जाणार नाही.

तासभर काही आलं नाही. मग एक आलं, आणि मग बांध फुटल्यासारखी येत गेली. वैजयंती थांबली होती. ती मोबाइलवरून वाचायची आणि अश्विनी जमिनीवर बसून चार रजिस्टरांतलं पान काढायची.

"सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर, फोपनार. लिहितात, सायकल पंक्चर झाली होती, क्षमस्व."

"आहे. पुन्हा, चार नोव्हेंबर."

"चौऱ्याण्णवचा मे, निंबोला. लिहितात, टेप विहिरीत पडली होती, घाबरून सांगितलं नाही. टेपचे पैसे देऊ का म्हणून विचारतात."

"आहे. पुन्हा."

"हा बघ, हा आता कुठंतरी डीन आहे. म्हणतो, मला नीट आठवत नाही, पण बहुधा ऑक्टोबर अन् मे, दोन्ही."

"दोन्ही आहेत."

दुपार अशी गेली. सतरा जणांच्या कबुल्या झाल्या, आणि सतराच्या सतरा ठिकाणी ती बारीक पेन्सिल सापडली. कबुली न दिलेल्यांच्या पुढेही कित्येक ठिकाणी होती. तीस-तीस, चाळीस-चाळीस किलोमीटर हा माणूस एकटा जाऊन आला होता आणि कोणाला बोलला नव्हता. अश्विनीला महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागली. पाठ भिंतीला टेकून ती म्हणाली, "नीट पाहून दे म्हणाले होते. हेच म्हणत असतील. पेन्सिलीतले आकडे धरायचे."

वैजयंतीनं फोन पालथा ठेवला.

"आता आपलं," ती म्हणाली.

"आपलं काय?"

"तुकईथड. दोन हजार एकचा मे."

"आपण गेलो होतो." अश्विनीला हसू आलं. "वैजू, गोदाबाईनं ताक नव्हतं का दिलं? पितळी गडूत."

"ते ऑक्टोबरला. मेमध्ये आपण निंबोल्याला माझ्या मावशीकडे उतरलो. आमरस होता. चार वाट्या खाल्ल्यास तू, अन् कूलरपुढे झोपलीस. जागी झालीस तेव्हा तुकईथडची बस गेली होती."

"नाही."

"अशू, मी महिनाभर म्हणते सांगू की नको."

"मला ती विहीर दिसते, वैजू. ऊन दिसतं. गोदाबाई दिसते, ओसरीवर कापसाचा ढीग..."

"मेमध्ये कापूस कुठला गं?" वैजयंती म्हणाली.

कापूस वेचायला लागतो दसरा-दिवाळीच्या सुमाराला. संक्रांत उलटली की शेतं मोकळी होतात. मेमध्ये या सबंध पट्ट्यात ओसरीवर कापूस दिसणार नाही, हे अश्विनीला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती गोष्ट तिनं लायब्ररीत सांगितली होती, लग्नकार्यात सांगितली होती, फेब्रुवारीत नानांच्या उशाशी बसून सांगितली होती. नाना ऐकत होते, डोळे मिटून. त्यांनाही कापूस खटकला नव्हता. किंवा खटकला असेल तर बोलले नव्हते.

तिनं दुसरं रजिस्टर ओढलं. मे २००१. तुकईथड, गोदाबाई. १४.२०. समास कोरा होता. तिनं पान उजेडाकडे धरलं, बोट फिरवून पाहिलं. खोडल्याचीही खूण नव्हती.

"ऑक्टोबरचा आकडा अकरा चाळीस होता," वैजयंती म्हणाली. "त्यात तूच तीनेक मिळव म्हणालीस. मागच्या मेचा बघायचं आपल्याला सुचलंच नाही. अन् सरांनी विचारलं तेव्हा तू धाडकन सांगितलंस, गोदाबाईनं ताक दिलं. मी बाजूलाच उभी होते. खरंच तर होतं ते, महिना सोडून."

अश्विनीनं टिपण काढलं. अकरा पानं, प्रत्येक पानाला लाल समास. हे तिनं वाचलं होतं, पण वडिलांचं अक्षर वाचावं तसं, ओळीमागून नुसते डोळे फिरवत. आता तिनं तिसऱ्या पानावरचा परिच्छेद वाचला. आजूबाजूच्या पाच विहिरींचे आकडे, नाल्याची लांबी, गोदाबाईंशी बोलणं. 'गोदाबाईंना त्या वर्षीचे पाणी निश्चित आठवत नाही.' आणि खाली, 'मापाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. निरीक्षक माझ्या खात्रीचे.'

ज्या पोरांना त्यांनी आठ-आठ मार्क दिले त्या सगळ्यांवर त्यांनी शंका घेतली होती. इथं ती त्यांनी जमिनीवर घेतली.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं होतं, हेही तिला आता आठवलं. ती तेव्हा तिसऱ्या वर्षाला असेल. "गोदाबाईच्या विहिरीला खरंच एवढं पाणी होतं का गं?" आणि ती ताटातून मान वर न करता म्हणाली होती, "होतं ना नाना. ताक प्यायलो की आम्ही." तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. तोवर तिला आकडा आठवतच नव्हता, ताक तेवढं आठवत होतं.

"नको सांगूस," वैजयंती म्हणाली. "कोणाला कळणार आहे? सरांचा एकुलता एक लेख आहे. त्यांच्या नावानं छापला जाईल, आपण फ्रेम करून लावू. एका आकड्यानं काय होतं?"

"अकरा पानं झाली एका आकड्यानं."

"मी सांगितलंच नसतं तर?"

"पण सांगितलंस."

वैजयंती रडायला लागली. अश्विनीनं तिला पाणी आणून दिलं. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. अंग इतकं जड झालं होतं की तिथंच रजिस्टरांमध्ये आडवं व्हावं आणि कोणी उठवू नये असं वाटत होतं.

सोमवार, मंगळवार माणसं येतच राहिली. बुधवारी दुपारी तिनं आईला सांगितलं. सुलभाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाच विचारलं, "आमरस निंबोल्याच्या मावशीकडचा? ती ठेंगणी?" मग पुढची पाकळी उचलली.

"त्या बुजलेल्या नदीपायी त्यानं दोन चपला झिजवल्या," त्या म्हणाल्या. "रात्री जेवताना मला सांगायचा, सुलभा, खाली काहीतरी आहे. मी म्हणायची, भात वाढू का."

"सांगू का मी त्यांना, आई?"

"मला कशाला विचारतेस? मी सांगू नको म्हटलं तर ऐकशील?" त्यांनी सालं गोळा केली. "पण लेख नाही छापला तर त्या तुषारला तूच सांग. मला त्याचं रडं नको."

गुरुवारी सकाळी हिमानी आली. सव्वीस-सत्तावीसची पोर, पाठीवर पिशवी, तोंड उन्हानं लाल. आल्याआल्या दोन तांबे पाणी प्यायली आणि सरळ जमिनीवर बसून रजिस्टरं उघडली. पेन्सिलीची गोष्ट अश्विनीनं तिला सांगितली तेव्हा ती उभीच राहिली.

"मतलब हर शक वाली रीडिंग सर ने खुद जाकर चेक की? मॅडम, ये तो सोना है। इसके बाद तो किसी का मुंह नहीं खुलेगा।" तिनं पटापट पानांचे फोटो काढले. मग हात पुढे केला. "और तुकईथड वाला नोट? हमारे सर रोज पूछते हैं।"

अश्विनीनं टिपण तिच्या हातात दिलं. हिमानीनं ते उघडण्याआधीच अश्विनी म्हणाली, "इसमें जो रीडिंग है, मई दो हजार एक की, वो ली ही नहीं गई थी।"

हिमानीनं वर पाहिलं.

"हम गए ही नहीं थे। मैंने अंदाज से लिखवाई थी। मी लिहिली होती ती." मराठीत वाक्य आपोआप संपलं.

"आप श्योर हैं, मॅडम? चौबीस साल हो गए। कभी कभी हमें लगता है कि…"

"श्योर हूं।"

हिमानी चवड्यांवर बसली. टिपणाची पानं तिनं एकेक करून उलटली, नकाशापाशी थांबली. नानांनी त्या बुजलेल्या पात्राची रेघ तुटक काढली होती, तुकईथडपासून खाली तापीकडे, आणि तिच्यावर बारीक बाण.

"कितनी मेहनत की है," ती म्हणाली.

"हो."

"फिर तो ये नहीं छप पाएगा।"

"माहीत आहे."

स्वयंपाकघरातून सुलभाबाईंनी विचारलं, पोरीला जेवायला थांबवायचं का. अश्विनीनं हो म्हटलं. हिमानीनं टिपण बंद करून तिला परत दिलं, दोन्ही हातांनी. मग पिशवीतून छापील कागद काढले. पहिल्या कागदावर अश्विनीनं सही केली. दुसरा कागद वगळायच्या नोंदींचा होता. हिमानीनं विहिरीचं नाव लिहिलं, महिना लिहिला, वर्ष लिहिलं.

"कारण क्या लिखूं?"

"मोजलं नाही."

हिमानीनं तसंच लिहिलं, मराठीत. मग पेन पुढच्या रकान्यावर नेलं. "और निरीक्षक का नाम?"

रजिस्टरात त्या ओळीपुढे दोन नावं होती. अश्विनीनं एकच सांगितलं.

"अश्विनी निरंजन महाजन."

मधल्या नावापाशी हिमानीचं पेन जरा थांबलं. मग तिनं ते पूर्ण लिहिलं आणि कागद सहीसाठी अश्विनीकडे वळवला.